पाचवा तुकडा

लिहा मास्तर. माझं नाव ज्ञानदेव, पण त्या नावानं मला माझ्या आईनंसुदिक कधी हाक मारली न्हाय. गेनू म्हणा. गेनू सोंगाड्या म्हणा. बारामतीच्या एसटी स्टँडावर माझ्या वयाच्या कुणालाबी इचारा, जळोचीत माझ्या दारापातुर आणून सोडंल तुमाला. आता हे असं म्हणलं की आमची सुंदरा आतनं म्हणती, व्हय, तुमच्या वयाचं किती राह्यलंय स्टँडावर? राहू द्या, तुमी लिहा. मी मधून मधून उठून फेऱ्या मारीन, त्याचं काय मनाला लावून घेऊ नका, जन्मभर उभ्यानं बोललोय, बसून मला बोलता येत न्हाय.

माझा जन्म नीरा नदीच्या काठचा, इंदापूर तालुक्यातला. गावाची येसकरकी आमच्या घराकडं हुती. म्हंजी गावाचं सांगावं पोचवायचं, वेस झाडायची, मेलेलं ढोर वढायचं, आन् त्याच्या बदल्यात सांजच्याला घरोघरच्या दारात जाऊन भाकरी गोळा करायची. माझा बाप घुंगराची काठी आपटत जायाचा आन् वराडायचा, येसकराला भाकरी वाढा माय. मी लय बारका, त्याच्या धोतराला धरून मागं मागं. मग आमच्या लोकांनी बुद्धाची दीक्षा घेतली, बापानं त्याच सांजंला ती काठी चुलीत घातली, घुंगरासकट. आई म्हणाली घुंगरू तर काढायची, पोराला खेळाय झाली असती, तर बाप म्हणाला, न्हाय, ह्या घरात आता ते वाजायचं न्हाय. त्यानंतर दोन सुगी आमी लय उपाशी काढल्या, पर बाप कुणाच्या दारात गेला न्हाय. मला सांगायचा, गेन्या, भाकरी वाईट न्हवती रं. शिळी असायची, पर भाकरीच की ती. वाईट काय, तर ती पदरात पडंस्तवर दारात उभं राहायचं. आतलं माणूस आपल्याला बघतंय, वाढावं का न वाढावं ह्याचा इचार करतंय, आन् आपण उभं.

आता अशा बापाच्या पोटी मी जन्मलो आन् चौथीतनं शाळा सोडून तमाशाच्या फडात पळालो. काय सांगू तुमाला, बापानं तोंड बघितलं न्हाय माझं कितीतरी वरसं. म्हणायचा, आमी वेशीतनं बाहीर पडलो आन् ह्यो परत तितंच नाचाय चाललाय. मीबी त्याचाच. म्हणलं तू काठी जाळलीस न्हवं, मग मी हीच वेस हसवून हसवून लोळवतो का न्हाय बघ. आन् लोळवली. गणगौळण झाली की सोंगाड्याची बतावणी असती, मी नुसता टोपी तिरकी करून आलो की बाप्ये धोतरं सावरत हसायची. पुढं सोताचा फड काढला, ट्रक, कनात, पंचवीसतीस माणूस. नारायणगावला आमच्या राहुटीपुढं गावोगावचं पुढारी सुपारी द्यायला बसून असायचं. पेपरात फोटू, रेडिओवर आवाज. बढाई म्हणा, मला बढाई मारायचा हक्क हाय.

सुंदरा फडात नाचायची, तिच्याशी लगीन केलं. पोरबाळ झालं न्हाय. तिनं मनाला लावून घेतलं, मी घेतलं न्हाय, मी म्हणलं आपल्याला होत न्हाय तर जगात लेकरं पडलीत की.

पयला आला अस्लम. आमच्या ट्रकड्रायव्हरचा मुलगा, आई आधीच गेल्याली, बाप घाटात ट्रक उलटून गेला. मयत झाली, सगळी पांगली, आन् ते पोरगं आमच्या कनातीच्या दोरीला धरून बसल्यालं. सुंदरानं कडंवर घेतलं, उतरवलंच न्हाय. मग फुला. सोमेश्वरनगरला कारखान्याच्या बाजूला ऊसतोड्यांच्या कोप्या असत्यात, तितली, बीडकडची, आईला उसाच्या फडात पान लागलं, म्हंजी साप चावला, बापाला दारू. मग कमल, लोणी देवकरला एका कंपनीचं बांधकाम चाललं हुतं तितल्या नेपाळी वाचमनचा पोरगा. आन् शेवटची जुली.

जुलीचं सांगतो. नीरेकडंला एका गुऱ्हाळावर कारवारच्या जंगलातली माणसं कामाला आली हुती, सिद्दी म्हणत्यात त्यांना, त्यांचं पूर्वज कंदीकाळी आफ्रिकेतनं जहाजातनं गुलाम करून आणल्यालं. मला तवा ह्यातलं काय ठावं न्हवतं. मी गूळ घ्यायला गेलो, तर चिपाडाच्या ढिगावर ही बसल्याली, काळीभोर, डोक्यावर असं कुरळं जावळ की बोट घातलं तर अडकावं, गळ्यात दोऱ्यात इवलासा क्रूस. आई तापानं गेल्याली. मुकादम म्हणाला, तात्या, हिला कोण न्हाय, न्या. मी म्हणलं गूळ न्यायला आलोय का पोरगी? आन् दोन्ही घिऊन आलो. सुंदरानं पयल्या दिवशी तिचे केस इंचरायला घेतले आन् फणीचे दात मोडले, एक फणी, दुसरी फणी, मग खोबरेलात बोटं बुडवून बोटानंच इंचरायची. ते केस ह्या आळीत दुसऱ्या कुणाला आजबी इंचरता येत न्हायत.

कोर्टकचेरी करून चौघांना रीतसर आमचं केलं. पर कुणाचं काय काढून घेतलं न्हाय. अस्लम नमाज पडतो, कमल दसऱ्याला दहीतांदळाचा टिळा लावतो, फुलाची देवी फुलापाशी, जुलीचा क्रूस जुलीच्या गळ्यात, आन् भितीवर बुद्धाचा फोटू माझा. लोक म्हणायची गेनूनं घरात सर्कस काढली. सुंदरा म्हणायची, हाय की, तिकीट काढून आत या.

आता खेळाचं. ही अक्कल माझी, कुणाची उसनी न्हाय. गौळण संपली आन् वग सुरू व्हायच्या आधी मी चौघांना स्टेजवर उभं करायचो. सुंदरानं परातीएवढी जवारीची भाकरी थापल्याली असायची. मी म्हणायचो, मंडळी, ही ऊसतोड्याची, ह्यो मुसलमानाचा, ह्यो नेपाळचा, ही समुद्रापल्याडची, आन् आई एक, बाप एक, भाकरी एक. मोडायचो पाच तुकडं. चार ही खायाची, तितंच, लोकांपुढं. आन् पाचवा तुकडा ताटात घालून जुलीच्या हातात द्यायचो. ती खाली उतरायची आन् पयल्या रांगंत गावाचा जो कोण मोठा माणूस बसला असंल, पाटील म्हणा, सरपंच म्हणा, चेअरमन म्हणा, त्याच्या पुढं ताट धरायची. सगळं गाव बघतंय. खा, न्हायतर न्हाय म्हण.

तुमाला कळलं का मी काय केलं? ज्यांच्या दारात माझा बाप भाकरीसाठी उभा राह्यला, त्यांच्याच तोंडापुढं मी भाकरी धरली. उलटं केलं सगळं. आन् बहुतेक खायाची बरं का. गावापुढं लाजंनं का हुईना खायाची. टाळ्या पडायच्या. जुलीच का, तर तिला बघितलं की गर्दी गप व्हायची. सोंगाड्याला गप गर्दी म्हंजी सोनं.

आन् मग ते गाव. नाव लिहू नका, इंदापूर तालुक्यातलंच, त्यांचं खानदान अजून हाय. जत्रा हुती. पयल्या रांगंत तितलं थोरलं सरकार, फेटा, मिशा, पायापाशी पाळल्यालं कुत्रं. जुली सातआठ वरसाची असंल, ताट घिऊन गेली. त्यानं तिला वरनं खालपातुर बघितलं. तुकडा उचलला, मला वाटलं खातोय, आन् टाकला कुत्र्यापुढं. त्याच्या बाजूची पाच धा माणसं हसली. बाकी कनात माझ्याकडं बघाय लागली. आन् मी, मास्तर, मी एक पलक गेली नसंल, टोपी काढली, कुत्र्याला मुजरा केला आन् म्हणलं, मंडळी, भाकरी दोघांपुढं गेली, त्यात जो शाणा हुता त्यानं खाल्ली!

काय सांगू तुमाला. कनात फाटायची बाकी हुती. शिट्ट्या, टोप्या वर, म्हाताऱ्या बाया पदर तोंडात घालून हसत्यात, ते थोरलं सरकार उठून गेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात, पुढं सभांमधी पुढारी ती गोष्ट सांगायचं. माझा बाप तवा गेल्याला हुता, त्याला ऐकाय मिळाली न्हाय, तेवढं एक राह्यलं. मी ती गोष्ट स्टँडावर, दवाखान्यात, लग्नात, हजार वेळा सांगितलीया.

थांबा, पाय मोकळा करतो.

पुढं सुपाऱ्या कमी झाल्या, डीजे आला, फड मोडला. पोरं आपापल्या मार्गाला लागली. अस्लमचं बारामतीत गॅरेज, फुला शिरूरला दिली, कमल पुण्यात हाटेलात. जुली लोणी देवकरला कंपनीत सुपरवायझर, तिच्या हाताखाली चाळीस माणूस हाय, नवरा मास्तर हाय तुमच्यासारखा, एक पोरगी. सगळं झ्याक.

मग औंदा माघात दारात पांढरी गाडी थांबली. त्या थोरल्या सरकारचा नातू, आता तोच जत्रा कमिटीचा अध्यक्ष. पायाला हात लावला. म्हणाला, तात्या, जत्रंत तुमचा सत्कार करायचाय. आन् एक इच्छा हाय, ती भाकरी परत मोडा, तेच ताट, ताईंच्याच हातात, मी पयल्या रांगंत बसतो आन् सगळ्या गावापुढं खातो. आजोबांनी केलं ते मला पुसायचंय.

मला सांगा मास्तर, ह्याच्यापरीस मोठं काय असतंय? त्याच घरातलं तोंड, तीच भाकरी. मी त्याला तितल्या तितं शबूद दिला. सुंदरा आतनं म्हणाली, आधी जुलीला इचारा. म्हणलं, इचारायचं काय त्यात, पोरगी माझी हाय.

तरी गेलो, सांगायला म्हणून गेलो. कंपनीच्या गेटावर जेवणाच्या सुट्टीत ती आली, डोक्याला निळी टोपी, पायात जाड बूट, डबा उघडला, आमी लिंबाखाली बसलो. मी मोठ्या हौसंनं सांगितलं. ती म्हणाली, न्हाय आबा. म्हणलं, अगं कोण खाणार हाय ठावं हाय का? म्हणाली, ठावं हाय, न्हाय. म्हणलं, मी शबूद दिलाय. म्हणाली, तुमी दिलाय.

मग म्हणाली, आबा, ती कुत्र्याची गोष्ट तुमी लय जणांला सांगता, मला एक सांगा, पुढं त्या ताटाचं काय झालं? म्हणलं, ताटाचं काय व्हायचंय? म्हणाली, ताट माझ्या हातात हुतं. लोक शिट्ट्या मारत हुती, पेटी वाजत हुती, तुमी मुजरं करत हुता, आन् मी रिकामं ताट घिऊन तितंच. कुणी मागं ये म्हणलं न्हाय. वग सुरू झाला तवा अस्लमदादानं हाताला धरून वढली मला. बरं, तो एक माणूस सोडा. दर गावात कुणीतरी माझ्याकडं वरनं खाली बघायचा आन् ठरवायचा, हिच्या हातचं खायचं का न्हाय. बहुतेक खायाचे, मला ठावं हाय. आबा, खायाचे तवाबी मला तसंच वाटायचं.

मी म्हणलं, अगं येडे, वाकवलं मी त्यांना, एकेकाला वाकवलं! तर म्हणाली, वाकवलं तुमी. उभी मी हुते. घरात मी जुली हुते, मंडपात गेले की काळी पोरगी. भाकरीचं काय न्हाय वो, आईच्या हातची भाकरी. ते उभं राहणं.

माझा बाप हिनं बघितल्याला न्हाय. ही आमच्यात रुळंस्तवर तो गेला. कुणी तिला सांगितलं असंल म्हणावं, तर मी बापाचं ते दारात उभं राहायचं बोलणं घरात कुणापाशी काढलं न्हवतं. मी डबा तसाच ठेवला आन् उठलो. चिडलोबी हुतो, खोटं कशाला सांगू. जाता जाता म्हणलं, तुला यायचं नसंल तर नको येऊ, बाकीची तिघं येतील. ती म्हणाली, इचारा त्यांना. आन् एक सांगते आबा, त्या मंडपात माईकवरनं माझं नाव घेतलं, तर मी जळोचीची पायरी चढायची न्हाय.

बाकीच्यांना इचारलं. अस्लम म्हणाला, जुली न्हाय तर मीबी न्हाय. कमलनं फोन ठेवला. फुला रडली, पर हो म्हणाली न्हाय. आता मी हट्टाचा माणूस, मला वाटलं आयत्या वेळंला येतील, बापाची जत्रंत बेअब्रू हुईल हे बघून येतील. सुंदराला म्हणलं भाकरी थाप. तिनं थापली, पर परात आपटून, म्हंजी लयच राग.

जत्रंच्या दिवशी सांजच्याला गेलो. केवढा मांडव, लाईटी, माझा फोटू बॅनरवर माझ्यापरीस मोठा. मी वाटंकडं बघतोय. कुणी आलं न्हाय. कमिटीतला एकजण कानापाशी आला, तात्या, काळजी करू नका, आमी सोय केलीया. आन् पडद्यामागनं चार पोरं आणली शाळंतली, नटवून. एकाला जाळीची टोपी, एकाला नेपाळी टोपी, एकीच्या हातात थर्माकोलचा कोयता. आन् चौथी एक आठेक वरसाची पोरगी, तिच्या तोंडाला काजळ फासल्यालं, हाताला कोपरापातुर, डोक्यावर काळ्या लोकरीचा टोप. तिला ते टोचत हुतं, ती खाजवत हुती. कमिटीवाला तिला म्हणत हुता, हालू नको गं, काळं निघंल. तिच्या हातात ताट.

मी त्या पोरीकडं बघितलं मास्तर. मांडव गच्च भरल्याला, माईकवर माझं नाव घ्यायला लागलेत, आन् मी उपरणं भिजवून तिचं तोंड पुसाय लागलो. कमिटीवाला म्हणतो तात्या हे काय? मी म्हणलं, माझी लेकरं भाड्यानं मिळत न्हायत. पोरीला म्हणलं, बाळ, जा, जत्रंतल्या पाळण्यात बस जा. ताट तिच्या हातातनं मी घेतलं.

वर गेलो. सत्काराची शाल घेतली. भाकरी काढली, पाच तुकडं केलं. गर्दी गप. पयल्या रांगंत नातू हात जोडून बसल्याला, इडिओवाला त्याच्या बाजूला. आन् मला एक शबूद सुचंना. मला! मग मी स्टेजवर मांडी घातली, गुडघ्यानं आवाज केला तो माईकात ऐकू गेला, लोक हसली. एक तुकडा उचलला आन् खाल्ला. ह्यो अस्लमचा, मनात म्हणलं. मग दुसरा. तोंडात दात किती ते तुमी बघताच, चावता चावता घाम फुटला, लोकांना वाटलं गेनूची नवी बतावणी, हसून हसून लोळाय लागली, तिसरा, चौथा, कुणी ओरडलं, तात्या पाणी प्या! लय वरसांनी एवढा हशा झाला माझ्यावर. आन् मी सोंग करत न्हवतो. दुसऱ्याच्या पोरांना देणार न्हवतो आन् टाकणारबी न्हवतो, एवढंच.

राह्यला पाचवा. नातू उठून स्टेजपाशी आला, हात पुढं केला. म्हणलं तर चाळीस वरसं ज्या हाताची मी वाट बघितली तो हात. वाईट पोरगा न्हवता तो, खरंच खायला आला हुता. मी तुकडा उपरण्यात बांधला आन् म्हणलं, सायेब, ह्यो घरी चाललाय. तो तसाच हात पुढं करून राह्यला. लोक हसली त्याच्यावरबी. त्याचं तोंड उतरलं, मला बरं वाटलं न्हाय ते, पर दिला न्हाय.

घरी आलो तर सुंदराच्या मोबाईलवर ते सगळं आल्यालं. बघत बसल्याली. म्हणाली, जन्मात पयल्यांदा स्टेजवर गप बसलात. तुकडा फळीवर ठेवला.

आईतवारी जुली आली, पोरीला घिऊन. फळीवरचा तुकडा बघितला, आता दगड झाल्याला, म्हणाली ह्यो कुणाचा? सुंदरा म्हणाली, तुझा. तिनं तो कालवणात बुडवला आन् चुलीपाशी मांडी घालून खात बसली, पोरीला एक घास दिला. मला म्हणाली, आबा, चार तुकडं पचलं का? म्हणलं, न्हाय अजून. हसली. माफी बिफी आमच्यात मागत न्हायत, मी काय चुकलो असं मी तिला म्हणलो न्हाय, तुमीबी लिहू नका. मी त्या लोकांना वाकवलं, ते खरंच हाय. पर परवा स्टँडावर कोण म्हणालं, तात्या, कुत्र्याची गोष्ट सांगा. मी सुरू केली. थोरलं सरकार, फेटा, मिशा, पोरगी ताट घिऊन गेली... आन् पुढचं वाक्य येईना. तोंडात हाय, येईना. ती लोकं वाट बघतायत, आन् मी त्या ताटापाशीच अडकलोय, ते ताट तिच्या हातातनं घेतल्याबिगर मला पुढं जाताच येत न्हाय. तवापासनं हे असं हाय, रातध्याड फेऱ्या मारतो घरात.

बास झालं आता. सुंदरानं तवा ठेवलाय, वास येतोय न्हवं? खाऊन जावा, लेकराबाळांत सुखी राव्हा. अहो, उभं कशाला राह्यलात? बसा. ह्या घरात भाकरी बसून घेत्यात.